कुंचल्याचा योगक्षेम

चित्रकार म्हटला की समाजाच्या डोळ्यांपुढे एक ठरीव मूर्ती उभी राहते. विस्कटलेले केस, रंगांनी माखलेली बोटे, रिकामे पोट आणि डोळ्यांत कसले तरी स्वप्न. ही मूर्ती कादंबऱ्यांनी आणि बोलपटांनी आपल्याला पुरवलेली आहे, आणि ती आपल्याला सोयीचीही आहे. कलावंताने उपाशी राहावे हा सृष्टीचा नियमच आहे असे एकदा मानले, म्हणजे त्याच्या भाकरीची चिंता करण्याचे कोणालाच कारण उरत नाही. परंतु चित्रकारालाही घरभाडे द्यावे लागते, मुलांच्या शाळेचे शुल्क भरावे लागते आणि किराणा दुकानदाराचे खाते महिनाअखेर चुकते करावे लागते. मग तो आपला योगक्षेम चालवतो तरी कसा? आणि तो चालवताना त्याच्या कुंचल्याचे काय होते?

हा प्रश्न वरवर पाहता एका लहानशा वर्गाचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर एका पिढीची चित्रकला अवलंबून असते. कलाशाळेतून दरवर्षी अनेक तरुण पदविका घेऊन बाहेर पडतात. पाचदहा वर्षांनी त्यांतील किती जण स्वतःचे चित्र काढीत असतात, हे पाहिले तर मन खिन्न होते. त्यांच्या ठिकाणी गुण नव्हते असे नाही. गुण होते, पण त्या गुणांना उसंत मिळाली नाही.

चित्र ही वस्तू बाजारात मोठी लहरी असते. एका चित्राला कधी आठ दिवस लागतात, कधी आठ महिने. ते पुरे झाल्यावर विकले जाईलच असा नेम नाही, आणि विकले गेले तरी पुढचे केव्हा विकले जाईल हे सांगता येत नाही. खर्च मात्र ठरलेला असतो. कॅनव्हास, रंग, चौकट, प्रदर्शनाच्या दालनाचे भाडे, चित्रे नेण्याआणण्याची हमाली ही सारी पदरची. म्हणून बहुतेक चित्रकार आणखी दोन कामांकडे वळतात. एक म्हणजे मागणीचे काम: पुस्तकांची वेष्टने, जाहिराती, नेपथ्य, कापडावरची नक्षी, भिंतीवरची सजावट. यालाच आपण उपयोजित कला म्हणतो. दुसरे काम म्हणजे शिकवणे. पहिल्यात दुसऱ्याची गरज आपल्या हाताने भागवायची असते. दुसऱ्यात आपला हात दुसऱ्याला द्यायचा असतो. स्वतःचे चित्र, मागणीचे काम आणि अध्यापन ही तीन गाडी एकाच बैलाने ओढावयाची, असा हा संसार आहे.

महाराष्ट्राला हा संसार अपरिचित नाही. एम. आर. आचरेकर यांनी स्वतःची चित्रे काढली, आपल्या नावाची कलाशाळा चालवली, मानवाकृतीच्या अभ्यासावर ‘रूपदर्शिनी’सारखा ग्रंथ सिद्ध केला आणि ‘आवारा’, ‘श्री ४२०’ व ‘कागज के फूल’ या चित्रपटांचे कलादिग्दर्शनही केले. गोमंतकातून मुंबईस आलेल्या दीनानाथ दलालांनी पुस्तकांच्या वेष्टनांवर आणि १९४५ मध्ये सुरू झालेल्या ‘दीपावली’ अंकाच्या पानांवर मराठी घराघरांत चित्र नेऊन पोहोचवले. या मंडळींकडे पाहताना मात्र आपण नकळत एक खंत व्यक्त करतो, की मागणीच्या कामात त्यांचा वेळ गेला नसता तर त्यांनी आणखी मोठी चित्रे काढली असती. ही खंत खरी आहे काय? की या तीन कामांची अशीही एक मांडणी असू शकते, की ज्यात एक दुसऱ्याला खात नाही, उलट पोसते? याचा विचार करण्यास बंगळूर शहराचे उदाहरण फार उपयोगी पडते. कारण या एकाच शहरात, एका शतकाच्या आत, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे तीन कलावंतांनी जगून दाखवली आहेत.

पहिले उत्तर के. वेंकटप्पा यांचे. १८८६ साली म्हैसूरच्या राजदरबारी चित्रकारांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. महाराजांच्या आश्रयाने ते कलकत्त्यास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली, नंदलाल बोसांच्या बरोबरीने शिकले. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांचा हिंदू व बौद्ध पुराणकथांवरील ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या तरुणाची चित्रे आहेत. पुढे उटकमंड आणि कोडैकनाल येथील डोंगर, धुके आणि तळी यांची त्यांनी काढलेली जलरंगचित्रे आजही पाहणाऱ्याला थबकवतात. म्हैसूरच्या राजवाड्यासाठी त्यांनी प्लास्टरमध्ये उठावशिल्पेही घडवली. वीणेचे शिक्षण त्यांनी थोर वैणिक शेषण्णा यांच्याकडे घेतले होते. ते आजन्म अविवाहित राहिले, गरजा अगदी थोड्या ठेवल्या आणि मनासारखे काम होईपर्यंत ते हातावेगळे केले नाही. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे कलादालन बंगळूरच्या कस्तुरबा मार्गावर उभे आहे. हे उत्तर तेजस्वी आहे, पण ते संन्याशाचे उत्तर आहे. ज्याला घरदार आहे, त्याने ते कसे अनुसरावे? शिवाय त्यामागे राजाश्रय होता, आणि राजाश्रयाचे दिवस आता सरले आहेत.

दुसरे उत्तर आर. एम. हडपद यांचे. मूळचे बदामीकडचे हे चित्रकार १९६८ च्या सुमारास बंगळुरात ‘केन’ कलाशाळा घेऊन बसले. खिशात पैसा नसलेला, पण हातात कसब असलेला खेड्यापाड्यांतला मुलगा त्यांच्या दारातून परत जात नसे. कर्नाटकातील पुढच्या पिढीचे कितीतरी चित्रकार या शाळेत तयार झाले. हडपद स्वतः मान्यता पावलेले चित्रकार होते. तथापि २००३ मध्ये ते निवर्तले तेव्हा लोकांनी प्रथम आठवण काढली ती एका गुरूची. ज्याने आपला दिवस विद्यार्थ्यांना वाटून टाकला, त्याच्या स्वतःच्या चित्राच्या वाट्याला दिवसाचा उरलासुरला भागच येणार. हेही उत्तर थोरच. पण तेही एका प्रकारच्या त्यागाचेच आहे. वेंकटप्पांनी संसार सोडला, हडपदांनी पुष्कळ अंशी आपला वेळ सोडला.

काही न सोडता तिन्ही कामे चालवता येतील काय, या प्रश्नाला तिसरे उत्तर दिले ते एस. जी. वासुदेव यांनी. हे उत्तर नीट समजून घ्यावयाचे, तर थोडा वेळ बंगळूर सोडून मद्रासला जावे लागते, कारण त्याचे बीज तेथे पेरले गेले.

वासुदेव यांचा जन्म १९४१ मध्ये म्हैसूर येथे झाला. १९६० मध्ये ते मद्रासच्या सरकारी कलाविद्यालयात दाखल झाले. त्या वेळी के. सी. एस. पणिक्कर तेथे प्राचार्य होते. पणिक्कर स्वतः मोठे चित्रकार. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पुरोगामी चित्रकार संघाचे ते प्रवर्तक होते. विद्यार्थ्यांना ते जीव लावून शिकवीत. पण एक गोष्ट त्यांच्या मनाला सतत टोचत असे. विद्यालयात उमेदीने चित्रे काढणारा मुलगा बाहेर पडला की एखाद्या कचेरीत आरेखक म्हणून चिकटे, किंवा शाळेत चित्रकलेचा शिक्षक होई, आणि हळूहळू त्याची चित्रे थांबत. शिकवण्याचे सारे श्रम असे वाळूत जिरत असतील, तर केवळ अधिक चांगले शिकवून भागणार नव्हते. विद्यार्थ्याच्या पोटाची व्यवस्था हाही शिक्षणाचाच भाग मानावा लागणार होता.

यातून जो उपाय निघाला तो अत्यंत व्यवहारी होता. तरुण चित्रकारांनी नोकरी शोधण्याऐवजी हस्तव्यवसाय हाती घ्यावा. त्याच्या विक्रीतून पोट भरावे आणि उरलेला वेळ पूर्णपणे चित्राला द्यावा. यासाठी कलावंतांनी एक हस्तव्यवसाय संघ स्थापन केला. नोकरी माणसाचा सबंध दिवस विकत घेते. हस्तव्यवसाय दिवसातले थोडे तास घेतो. शिवाय ते काम हाताचे आणि डोळ्यांचे असल्यामुळे चित्रकाराचे अंग मोडून जात नाही. कारकुनी करून आलेला हात संध्याकाळी कुंचला धरताना जड होतो. कापडावर रेषा ओढून आलेला हात तसा होत नाही.

या मंडळींनी प्रथम निवडला तो बाटिकचा व्यवसाय. बाटिकमध्ये कापडाच्या ज्या भागाला रंग लागू द्यावयाचा नसतो, त्यावर वितळलेले मेण लावतात आणि मग कापड रंगाच्या द्रावणात बुडवतात. मेणाखालचा भाग कोरा राहतो. पुन्हा नव्या भागावर मेण, पुन्हा दुसरा, अधिक गडद रंग. शेवटी गरम पाण्याने मेण काढून टाकले की आकृती प्रकट होते. मेणाला पडलेल्या तडांतून रंग शिरतो आणि कापडावर केसासारख्या रेषांचे जाळे उमटते. हीच बाटिकची खूण. मुळात ही जावा बेटाची विद्या. रवींद्रनाथांनी १९२७ मध्ये जावाची यात्रा केली, त्यानंतर शांतिनिकेतनाच्या वाटेने ती आपल्याकडे रुजली. तिला भांडवल थोडे लागते, यंत्र लागत नाही, आणि मेणाची रेषा एकदा ओढली की पुसता येत नसल्यामुळे हात मात्र पक्का लागतो. चित्रकाराजवळ नेमकी तीच पुंजी असते.

बाटिकची प्रदर्शने भरली, कापड विकले गेले, आणि त्या मिळकतीतून १९६६ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस इंजंबाक्कम येथे समुद्रकाठी आठदहा एकर जमीन घेण्यात आली. तेथे चोळमंडल नावाचे कलावंतांचे गाव वसले. सरकारी देणगीची वाट न पाहता कलावंतांनी आपल्या हातच्या कमाईवर आपले गाव उभारावे, ही आपल्या देशातील मोठी नवलाईची गोष्ट होय. ओसाड वाळू, ताडांची झाडे, लहान लहान घरे, एक सामाईक कर्मशाळा. विक्रीचा काही भाग संघाच्या निधीत जाई आणि बाकीचा ज्याचा त्याला मिळे. पणिक्करांनी १९७७ मधील आपल्या निधनापर्यंत या गावाची पाठराखण केली. वासुदेव हे या गावाच्या मूळ रहिवाशांपैकी एक.

या प्रयोगाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांनाच तेथील जीवन मानवले नाही. अक्कितम् नारायणन्, विश्वनाधन् यांच्यासारखे गुणी चित्रकार त्याच दशकात पॅरिसला गेले आणि तिकडेच स्थायिक झाले. विकल्या जाणाऱ्या वस्तूला नेहमीच नक्कल करणारे भेटतात, आणि बाजारात स्वस्त माल आला की कलावंताच्या मालाची किंमत उतरते. बाटिकच्या वाट्याला हे आलेच. आणि सर्वांत मोठा धोका आतला होता. जी नक्षी काल खपली, तीच आज पुन्हा काढावी असा मोह हाताला होतो. एकदा हात खुशामतीला सवकला, की चित्र काढतानाही तो गिऱ्हाइकाचा चेहरा पाहू लागतो. हस्तव्यवसायाने नोकरीची बेडी तुटते, पण तिच्या जागी रेशमी दोरी बांधली जाण्याची भीती असते.

वासुदेव या धोक्यातून कसे पार पडले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी बाटिकवर न थांबता धातूचे काम हाती घेतले. तांब्याचा पत्रा घेऊन तो मागच्या बाजूने ठोकीत न्यावयाचा, म्हणजे पुढच्या बाजूस आकृती उठून येते; मग पुढून बारीक अवजारांनी तिला धार द्यावयाची. देवघरातील टाक आणि देवाचे मुखवटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. प्रारंभी हे उपजीविकेचे काम होते. पण पत्रा हा कागदासारखा निमूटपणे रेषा घेत नाही. जास्त ठोकला तर फाटतो, कमी ठोकला तर आकृती मुकी राहते. या अडवणुकीतून वासुदेवांच्या रेषेला एक नवे वळण मिळाले. पत्र्यावरील पाने, पक्षी, मानवी चेहरे त्यांच्या कॅनव्हासवर आले, आणि कॅनव्हासवरील झाड पत्र्यावर उतरले. जे काम चित्राला पोसण्यासाठी पत्करले होते, तेच पुढे चित्राच्या पंक्तीला बसले. त्यांचे तांब्यातील उठावकाम स्वतंत्र कलाकृती म्हणून मान्यता पावले.

मागणीच्या कामाचे दुसरे अंग म्हणजे पुस्तके आणि चित्रपट. त्या काळी गिरीश कर्नाड हे मद्रासला एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस होते. माथेरानात जन्मलेला हा कन्नड नाटककार आणि चोळमंडलातील चित्रकार यांची ओळख होण्यास वेळ लागला नाही. कन्नडमधील नव्या लेखकांच्या पुस्तकांसाठी वासुदेवांनी वेष्टने काढली. वेष्टनाचे काम मोठे नेमके असते. जागा तळहाताएवढी, रंग मोजके, आणि लेखकाचा आशय उघडा न पाडता त्याची चाहूल द्यावयाची. पुढे यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ या कादंबरीवर १९७० मध्ये पट्टाभिराम रेड्डी यांनी चित्रपट काढला. त्यात कर्नाडांनी प्राणेशाचार्यांची भूमिका केली, आणि कलादिग्दर्शन केले वासुदेव यांनी. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘संस्कार’ला मिळाले. हा चित्रपट कृष्णधवल. त्यात रंगाची मदत नाही. अग्रहारातील घरांच्या काळोख्या ओसऱ्या, मृतदेहाच्या सोबतीने घालवलेली सुतकी रात्र, हे सारे केवळ उजेड आणि सावली यांच्या जोरावर उभे करावयाचे. रंगाची सवय झालेल्या डोळ्याला असा उपास वरचेवर घडला, तर तो त्याच्या आरोग्याला हितकारकच ठरतो.

१९८८ मध्ये वासुदेवांची पत्नी आर्नवाज यांचे निधन झाले. त्याही चित्रकार होत्या आणि चोळमंडलातील जीवनाच्या सहप्रवासी होत्या. या आघातानंतर वासुदेव बंगळूरला परतले. पत्नीच्या स्मरणार्थ कला शिकणाऱ्या होतकरू तरुणांसाठी शिष्यवृत्तीची योजना झाली. ज्या मदतीच्या अभावी चित्रकाराचा कुंचला सुकतो, तीच मदत दुसऱ्याला देण्याचा हा मार्ग होता. दुःखाला असे उपयोगी रूप देणे सर्वांनाच साधत नाही.

बंगळूरच्या काळात त्यांचे स्वतःचे चित्र खुंटले नाही, उलट विस्तारले. ‘वृक्ष’ या त्यांच्या चित्रमालेमागे द. रा. बेंद्रे यांच्या काव्यातील कल्पवृक्षाची प्रेरणा आहे. धारवाडचे बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडमध्ये काव्य करीत. त्यांच्या कवितेतले झाड अशा रीतीने म्हैसूरच्या चित्रकाराच्या कॅनव्हासवर वाढावे, यात या दोन भाषांच्या सोयरिकीची गोडी आहे. कवी ए. के. रामानुजन यांच्या कवितांच्या सान्निध्यातही वासुदेवांनी रेखाचित्रे काढली. पुस्तकांच्या वेष्टनांमुळे साहित्याशी जडलेले नाते असे स्वतःच्या चित्रात पुन्हा उगवून आले.

त्याच सुमारास, १९९० नंतरच्या दशकात, त्यांनी विणकामाकडे लक्ष दिले. सुब्बरायलु या कसबी विणकराच्या सहकार्याने त्यांनी आपली चित्रे रेशमात विणून घेतली. पैठणीचा पदर ज्यांनी निरखून पाहिला आहे, त्यांना या कामाची कल्पना सहज येईल. पैठणीतील मोर हा कापडावर काढलेला नसतो. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी बाण्याचा धागा जेथल्या तेथे गुंतवीत विणकर तो मोर कापडातच घडवतो. चित्राचे विणकाम याच तत्त्वाने चालते. मात्र चित्रकाराला येथे एक गर्व सोडावा लागतो. ओला रंग दुसऱ्या रंगात मिसळतो, धागा मिसळत नाही. निळ्याकडून हिरव्याकडे जावयाचे असेल, तर मधल्या छटांचे धागे रंगवून घ्यावे लागतात आणि कोणता धागा कोठे संपवावयाचा हे विणकराच्या बोटांवर सोपवावे लागते. म्हणजे हे चित्र दोघांचे होते. मागणीच्या कामात कलावंत गिऱ्हाइकाशी तडजोड करतो. येथे तो दुसऱ्या कारागिराशी संवाद करतो. तडजोडीत दोघेही थोडे थोडे हरतात, संवादात दोघांनाही काही मिळते.

आता तिसरे काम, अध्यापन. वासुदेवांनी ते कलाशाळेच्या चार भिंतींत केले नाही. बंगळुरात ‘अनन्य दृश्य’ या उपक्रमाद्वारे त्यांनी शाळाशाळांतील मुलांना चित्र कसे पाहावे हे सांगण्याचे काम आरंभले. या कामाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या शाळांत चित्रकलेचा तास असतो, पण तो बहुधा काढण्याचा असतो, पाहण्याचा नसतो. फुलदाणी काढता न आलेला मुलगा ‘मला चित्रकला येत नाही’ असे ठरवून जन्मभर चित्राकडे पाठ फिरवतो. गाता न येणारा मनुष्य मात्र गाण्याच्या बैठकीला जाऊन माना डोलावतो, कारण ऐकणे हीही एक विद्या आहे हे त्याला ठाऊक असते. पाहणे ही तशीच विद्या आहे. मुलाला एखादे चित्र दाखवावे, त्यात प्रथम काय दिसले ते विचारावे, डोळा कोठून कोठे गेला ते सांगावयास लावावे, त्याच विषयावरचे दुसरे चित्र शेजारी ठेवावे. अशी चारदोन वर्षे गेली तर ज्याने कधी कुंचला धरला नाही तोही उत्तम प्रेक्षक होतो. आणि चांगला प्रेक्षक निर्माण झाल्यावाचून चांगल्या चित्राला घर मिळत नाही. या दृष्टीने पाहिले तर शाळेतील असा एक तास हीही चित्रकाराच्या योगक्षेमाचीच, पुढच्या पिढीसाठी केलेली, पेरणी होय.

शिकवणाऱ्यालाही यातून लाभ होतो. जे हाताला सवयीने येते ते शब्दांत सांगावे लागले, म्हणजे त्यातले खरे किती आणि नुसती सवय किती हे कळून येते. एखादा मुलगा सहज विचारतो, हे झाड निळे का? त्यावर चित्रकाराला उत्तर सुचले नाही, तर त्या रात्री त्याला आपल्या निळ्या रंगाचा पुन्हा विचार करावा लागतो. मात्र येथेही एक खड्डा आहे. शिष्यांच्या आदराची चटक लागते. तेच ते धडे सांगता सांगता मनुष्य स्वतःचाच अनुवाद करू लागतो. म्हणून अध्यापन हे थोडे आणि ताजे असावे. वर्षभराच्या नोकरीपेक्षा अधूनमधून घेतलेली शिबिरे व कार्यशाळा कित्येक चित्रकारांना मानवतात, त्याचे कारण हेच.

या सर्व हकीकतीतून काय निष्पन्न होते? तीन कामांचा समतोल म्हणजे दिवसाचे तीन सारखे तुकडे पाडणे, अशी अनेकांची समजूत असते. असा तराजू कोणाच्याच हाती राहत नाही. कधी मागणीचे काम महिनाभर सारे आयुष्य व्यापून टाकते, कधी प्रदर्शनाच्या आधी शिकवणे बंद ठेवावे लागते. महत्त्वाचे असते ते निराळेच. चित्रकाराने मागणीचे काम हलक्या हाताने, ‘हे काय, पोटासाठी’ अशा तुच्छतेने करू नये; कारण जो हात दिवसा खोटे काम करतो तो पहाटे खरे चित्र काढू शकत नाही. तसेच मागणीच्या कामातील यशाला त्याने चित्राचे यश समजू नये. आणि कितीही व्याप असला तरी असे काही तास त्याने राखून ठेवावे, की ज्यांत काढलेल्या चित्राला कोणी मागणी केलेली नाही, ज्याची कोणाला गरज नाही, आणि जे फसले तरी कोणाचे नुकसान नाही. हे तास गेले की बाकीची दोन्ही कामेही निस्तेज होतात, कारण त्या दोघांना पाणी याच विहिरीतून मिळत असते.

दलालांविषयी आणि आचरेकरांविषयी व्यक्त होणारी खंत या प्रकाशात पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे. वेष्टन काढणाऱ्या दलालांना वजा केले तर मागे उरणारा चित्रकार अधिक मोठा ठरला असता, असे मानण्यास आधार नाही. खंत करावयाची असेल तर ती ज्यांचे चित्रच थांबले अशा अनामिकांची करावी. त्यांतील कित्येकांना मोठी देणगी नको होती. हाताला शोभेल असे चार तासांचे काम, त्याचा वेळच्या वेळी मिळणारा मोबदला आणि एक उजेडाची खोली एवढ्यावर त्यांचे भागले असते. वेष्टन करवून घेणारा प्रकाशक, भिंत सजवून घेणारी संस्था आणि वर्ग घेण्यास बोलावणारी शाळा हे सारे जेव्हा चित्रकाराला पुरता मोबदला देतात, तेव्हा नकळत एका न विकल्या जाणाऱ्या चित्राचा खर्च ते उचलीत असतात.

२००९ मध्ये बंगळूरच्या माणिक्यवेलू वाड्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा सुरू झाली. तेथे २०१८ मध्ये वासुदेव यांच्या सबंध कार्याचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले. त्याच्या नावात ‘समे’कडे परतण्याची कल्पना होती. गायनाच्या बैठकीला बसणाऱ्या मराठी श्रोत्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. गवई ताना घेत दूर दूर जातो, लयीशी खेळतो, क्षणभर वाटते की वाट चुकली. आणि तबलजी नेमक्या मात्रेवर थाप देतो तेव्हा तो समेवर येऊन पोहोचलेला असतो. दूर जाणे हा गाण्यातला दोष नाही. चित्रकारही वेष्टनांकडे, तांब्याकडे, धाग्यांकडे, मुलांच्या वर्गाकडे असाच जातो. कोऱ्या कॅनव्हासची सम कोठे आहे हे त्याच्या कानात सतत वाजत असले, म्हणजे पुरे.